मामाच्या रिपोर्टमधलं नऊ-बावीस : जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये नेमकं काय पाहिलं?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझ्या मामाला (वय ५४, चिंचवडला राहतो) गेल्या महिन्यात सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर निघाला. त्रास काहीच नव्हता, कंपनीचं वार्षिक चेकअप होतं त्यात पांढऱ्या पेशी पावणेदोन लाखाच्या वर आल्या, आधी वाटलं मशीन चुकलं असेल, परत केलं तरी तेच. मग प्लीहा वाढलेली निघाली, बोन मॅरोची म्हणजे हाडातल्या मगजाची तपासणी झाली, आणि रिपोर्टवर एक ओळ आली: ४६, एक्सवाय, टी (९;२२) आणि पुढे क्यू ३४, क्यू ११.२. खाली बीसीआर-एबीएल पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी इमॅटिनिब ४०० मिग्रॅ रोज एक गोळी सुरू केली आणि मामीला म्हणाले की घाबरू नका, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हा रिपोर्ट आला असता तर मी वेगळ्या सुरात बोललो असतो.

निघताना ते आणखी एक बोलले ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. म्हणाले, ही जी नऊ-बावीसची ओळ आहे ना, ती जॅनेट राउली नावाच्या बाईंनी घरच्या डायनिंग टेबलावर क्रोमोझोमचे (गुणसूत्रांचे) फोटो कापता कापता शोधली. बाहेर पेशंटची रांग होती म्हणून पुढे काही विचारता आलं नाही. मी कॉमर्सची, बारावीनंतर बायोलॉजीशी संबंध नाही, तेव्हा जरा समजेल असं सांगा.

बाईंनी नेमकं काय पाहिलं? आणि १९७३ मध्ये पाहिलं तर गोळी यायला २००१ का उजाडलं? आणि मामेबहीण रोज विचारते की हे आम्हालाही होणार का, तिला काय सांगू?

---

स्लाइडवाली

मुठाकाठताई, शेवटचा प्रश्न आधी घेते कारण तुमची बहीण रात्री झोपत नसेल. नाही, आनुवंशिक नाही. हा बदल मामांच्या जन्मापासून त्यांच्या अंगात नव्हता, हाडाच्या मगजातल्या एकाच रक्तपेशीत कधीतरी झाला आणि तिची पिल्लावळ वाढत गेली. त्यामुळे मुलांमध्ये तो उतरत नाही, मुलांची तपासणी करायचीही गरज नसते. कशामुळे झाला याचं उत्तर बहुतेक पेशंटमध्ये मिळत नाही, मोठ्या प्रमाणातलं रेडिएशन हे एक नक्की माहीत असलेलं कारण आहे, हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांमध्ये हा आजार जास्त दिसला. मामांनी काही चुकीचं खाल्लं प्यायलं म्हणून झालेलं नाही हेही मामीला सांगा, बायका उगाच स्वतःला दोष देत बसतात.

आता क्रोमोझोमबद्दल. मी पुण्यातच सायटोजेनेटिक्सच्या, म्हणजे क्रोमोझोम तपासायच्या लॅबमध्ये काम करते, मामांच्या रिपोर्टसारख्या ओळी लिहिणं हे माझं रोजचं काम. मॅरो हिरव्या झाकणाच्या बाटलीत येते, म्हणजे हेपॅरिनवाल्या. ती आम्ही एकदोन दिवस कल्चरला लावतो, मग कोल्सेमिड घालतो, त्याने पेशी विभागणीच्या अगदी मधल्या टप्प्यावर थांबतात, तेव्हाच क्रोमोझोम जाड आणि सुटे दिसतात. मग पोटॅशियम क्लोराइडचं पातळ द्रावण घालायचं, त्यात पेशी पाणी पिऊन फुगतात आणि आतले क्रोमोझोम एकमेकांपासून लांब होतात. मग मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिड तीनास एक, त्याने धुवायचं, आणि थोड्या उंचीवरून थेंब काचेवर सोडायचा. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा थेंब वाळायला वेळ लागतो आणि पसरण बदलते, तेव्हा आम्ही स्लाइड गरम प्लेटवर ठेवून जमवून घेतो. मग ट्रिप्सिन काही सेकंद, मग गिम्साचा रंग. एवढं झालं की प्रत्येक क्रोमोझोमवर आडवे काळेपांढरे पट्टे दिसतात आणि त्या पट्ट्यांवरूनच कुठला नववा आणि कुठला बाविसावा हे ओळखता येतं.

हे पट्टे आहेत म्हणून सगळं आहे. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या पेशंटमध्ये एक फारच बुटका क्रोमोझोम सापडला, त्यालाच आजही फिलाडेल्फिया क्रोमोझोम म्हणतात. (नॉवेल यांनी स्लाइड साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या आणि त्यामुळे पेशी फुगून क्रोमोझोम पसरले, ती गोष्ट आमच्या फील्डमध्ये सगळ्यांना पाठ असते.) पण तेव्हा पट्टे पाडायची पद्धतच नव्हती, सगळे क्रोमोझोम एकसारखे गडद काड्या दिसायचे. त्यामुळे एवढंच कळलं की एकाचा तुकडा गायब आहे, आणि सगळ्यांनी धरून चाललं की तो हरवला.

राउली शिकागोच्या. १९४८ ला डॉक्टर झाल्या, चार मुलं, बरीच वर्षं आठवड्यातले काहीच दिवस काम करायच्या, डाउन सिंड्रोमच्या मुलांच्या क्लिनिकमध्ये. नवऱ्याला ऑक्सफर्डला जायचं होतं म्हणून त्याही गेल्या आणि तिथे क्रोमोझोमचं काम शिकल्या, आणि १९७० च्या सुमारास परत गेल्या तेव्हा क्विनाक्रिनने पट्टे दाखवायची नवी पद्धत शिकून आल्या. क्विनाक्रिनचे पट्टे फ्लुरोसंट मायक्रोस्कोपखाली चमकतात पण बघता बघता विझतात, म्हणून लगेच फोटो काढावा लागतो. तेच फोटो घरी आणून टेबलावर पसरायचे, एकेक क्रोमोझोम कात्रीने कापायचा आणि जोड्या लावायच्या. मुलं म्हणायची आई कागदाच्या बाहुल्यांशी खेळतेय.

त्यांना दिसलं ते असं, बाविसाव्याचा तुकडा कमी आहे हे तर माहीतच होतं, पण त्याच पेशंटच्या नवव्या क्रोमोझोमच्या टोकाला काहीतरी जास्तीचं चिकटलेलं आहे, आणि त्याची लांबी बाविसाव्यातून गेलेल्या भागाशी जुळते. एका पेशंटमध्ये नाही, एकामागून एक पेशंटमध्ये तेच. म्हणजे तुकडा हरवलेला नव्हता, जागा बदलून बसला होता. मामांच्या रिपोर्टवरची टी (९;२२) ही ओळ म्हणजे हीच नऊ आणि बावीसची अदलाबदल. जून १९७३ च्या नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात हे छापून आलं. त्याच्या आधीच त्यांना दुसऱ्या प्रकारच्या ल्युकेमियात आठ आणि एकवीस यांची अदलाबदल दिसली होती.

मी या कामात आले तेव्हा आमच्याकडेही कात्री आणि डिंकच होता, फोटो डेव्हलप करून, कापून, चार्टवर चिकटवायचे, पंखा बंद ठेवून बसायचो कारण कागद उडायचे. आता सॉफ्टवेअर कापतं. पण आजही नववा क्रोमोझोम लांब दिसला की मान आपोआप बाविसाव्याकडे वळते, ती सवय राउलींनी जगाला लावली.

---

सिंहगडरोड

माहिती छान आहे पण मुठाकाठ यांचा मधला प्रश्न राहिला. १९७३ ला कळलं आणि औषध २००१ ला, म्हणजे २८ वर्षं. मला तरी वाटतं कंपन्यांनी दाबून ठेवलं असणार, जुनी औषधं खपवायची होती. आमच्या शेजारचे गृहस्थ ९५-९६ साली याच आजाराने गेले, इंजेक्शनं घेऊन घेऊन हाल झाले त्यांचे.

---

पेशीवेडा

सिंहगडरोड, तुमच्या शेजाऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. ती इंजेक्शनं बहुतेक इंटरफेरॉनची असणार, तेव्हा इंटरफेरॉन, हायड्रॉक्सियुरिया आणि जमलं तर मॅरो ट्रान्सप्लांट एवढंच हातात होतं.

पण दाबून ठेवायला आधी हातात काहीतरी असावं लागतं, आणि १९७३ मध्ये नव्हतं. माझी पीएचडी याच विषयाच्या आसपास चालू आहे म्हणून मला हा क्रम तोंडपाठ आहे, ऐका. राउलींनी अदलाबदल दाखवली पण तेव्हा बरेच लोक म्हणत होते की क्रोमोझोमची मोडतोड हा कॅन्सरचा परिणाम आहे, कारण नाही. त्या तुकड्यावर कुठला जीन (जनुक) आहे हे बघायचं तर जीन क्लोन करता, म्हणजे वेगळे काढून त्यांच्या प्रती करता यायला हवेत, ते तंत्र सत्तरीच्या शेवटी हातात आलं. दुसरीकडे उंदरांना ल्युकेमिया करणारा ॲबेलसन व्हायरस होता, त्यातला जीन म्हणजे एबीएल, आणि तो माणसातही असतो आणि नवव्या क्रोमोझोमवर असतो हे १९८२ च्या आसपास कळलं. लगेच लोकांनी सीएमएलच्या पेशी तपासल्या तर एबीएल नवव्यावरून उठून बाविसाव्यावर गेलेला. तिथे ज्या जागी तो जोडला गेला तिला बीसीआर म्हणतात. म्हणजे दोन जीन मिळून एक तिसराच जीन तयार झाला जो निरोगी माणसात नसतो.

आता एबीएलचं प्रोटीन हे टायरोसिन कायनेज आहे, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवतं आणि त्यातून पेशीला वाढ, विभाग असा निरोप जातो. असे टायरोसिनवर फॉस्फेट लावणारे कायनेज असतात हेच मुळी १९७९-८० ला उघड झालं! नेहमीच्या एबीएलमध्ये त्याचं तोंड बंद ठेवणारा एक भाग असतो, बीसीआरशी जोडताना तो भाग तुटून जातो, वर बीसीआरचा भाग या प्रोटीनना एकमेकांना चिकटवतो आणि ते एकमेकांना चालू करत राहतात. निरोप थांबतच नाही.

मग प्रश्न आला की एवढं एक प्रोटीन खरंच पुरेसं आहे का. १९९० मध्ये उंदरांच्या मॅरोमध्ये फक्त हा जीन घातला तर त्यांना सीएमएलसारखा आजार झाला. तेव्हा कुठे पक्कं झालं की हे कारण आहे. एवढं झाल्यावर मग स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या औषध कंपनीतल्या केमिस्ट लोकांकडे जे रेणू होते त्यातला एक ब्रायन ड्रुकर यांनी ओरेगनमध्ये तपासला, तो सीएमएलच्या पेशी मारत होता आणि चांगल्या पेशींना फारसा हात लावत नव्हता, पेपर १९९६. जून १९९८ ला पहिल्या पेशंटला गोळी दिली. ३०० मिग्रॅ किंवा जास्त डोस घेणाऱ्या ५४ पैकी ५३ जणांचं रक्त नॉर्मल झालं. १० मे २००१ ला अमेरिकेत मंजुरी. पहिल्या पेशंटपासून मंजुरीपर्यंत तीन वर्षंसुद्धा लागली नाहीत, कॅन्सरच्या औषधांत हे फार म्हणजे फार लवकर आहे. ती कंपनी सुरुवातीला कांकू करत होती हे खरं आहे कारण पेशंट थोडे, धंदा होणार नाही असा हिशेब होता, ड्रुकर हट्टाने मागे लागले. पण ती दिरंगाई काही वर्षांची, २८ वर्षांची नाही.

गोळी करते काय तर, कायनेजला फॉस्फेट लागतं ते एटीपी या पेशीला ऊर्जा देणाऱ्या रेणूकडून, आणि एटीपीला बसायला प्रोटीनमध्ये एक खाच असते. इमॅटिनिब त्या खाचेत आधीच जाऊन बसतं, पीएमटीच्या बसमध्ये रुमाल टाकून सीट अडवावी तसं. एटीपी आलं तरी जागा नाही, निरोप बंद, आणि ती पेशी त्या निरोपावरच जगत असते म्हणून मरते.

हे मी स्वतः पाहिलंय म्हणून जीव तोडून सांगतोय. एमएस्सीच्या प्रोजेक्टला के-५६२ नावाची सेललाइन (लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी) होती, सत्तरच्या दशकात एका सीएमएल पेशंटपासून बनवलेली, तिच्यात बीसीआर-एबीएल आहे. आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस ही पेशींवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे ना, तिथे सेल रिपॉझिटरी म्हणजे पेशींचा साठा आहे, देशभरच्या लॅब तिथून सेललाइन मागवतात. शेजारच्या प्लेटमध्ये एचएल-६०, तीही ल्युकेमियाचीच पण तिच्यात हा जीन नाही. दोन्हीकडे सारखंच इमॅटिनिब. दोन दिवसांनी एचएल-६० ज्या द्रावणात वाढतात त्याचा रंग पिवळसर झालेला, म्हणजे पेशी मजेत खातपीत वाढतायत, आणि के-५६२ वाल्या खणांत रंग गुलाबीच, मायक्रोस्कोपखाली पेशी सुरकुतलेल्या, फुटलेल्या. पुस्तकात शंभर वेळा वाचलेलं असतं पण त्या दिवशी गाइडना बोलवायला अक्षरशः पळत गेलो.

---

फर्ग्युसनकट्टा

पेशीवेडा, उत्तम लिहिलंस. मी प्राणिशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. एक शंका आहे आणि एक पुरवणी.

शंका अशी की हे यश सांगितलं की विद्यार्थी लगेच विचारायचे, सर मग बाकीच्या कॅन्सरला अशी गोळी का नाही? मी सांगायचो की सीएमएल सुरुवातीच्या टप्प्यात एकाच बदलावर चालतो, फुप्फुसाचा किंवा आतड्याचा कॅन्सर अनेक बदलांवर चालतो. हे आजही इतकं सरळ आहे का?

पुरवणी पुण्याची. राउलींचं कौतुक होतंय ते योग्यच, पण कॅन्सरच्या पेशींवर आपल्याकडे पाया घालणाऱ्या कमल रणदिवे पुण्याच्या, जन्म ८ नोव्हेंबर १९१७, हुजूरपागा या मुलींच्या शाळेच्या विद्यार्थिनी, वडील फर्ग्युसन कॉलेजला जीवशास्त्राचे प्राध्यापक आणि त्याही तिथेच शिकल्या. मुंबईत डॉ. खानोलकरांकडे १९४९ ला पीएचडी, मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी बाटलीत वाढवायचं तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईत टिश्यू कल्चरची देशातली पहिली प्रयोगशाळा उभी केली. उंदरांतल्या स्तनांच्या कॅन्सरवर हार्मोन, आनुवंशिकता आणि विषाणू यांचा एकत्र विचार त्या पन्नासच्या दशकात करत होत्या. १९८२ ला पद्मभूषण. लक्ष्मी रोडवरून जाताना हुजूरपागेच्या मुलींनी हे नाव सांगितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

---

पेशीवेडा

सर, थोडंसं बदललंय एवढंच. तुमचं मूळ उत्तर बरोबरच आहे. कॅन्सर घडवणारा आरएएस जीनमधला एका अक्षराचा बदल १९८२ ला सापडला पण त्या प्रोटीनवर औषध बसेल अशी खाचच मिळत नव्हती, पहिलं औषध २०२१ ला आलं, तेही फुप्फुसाच्या कॅन्सरमधल्या एका विशिष्ट बदलासाठी आणि त्याचा परिणाम बऱ्याच जणांत टिकत नाही. पी-५३ या कॅन्सर रोखणाऱ्या जीनमध्ये तर उलटीच अडचण, तिथे चांगलं काम करणारं प्रोटीन बिघडलेलं असतं, बिघडलेलं बंद करणं सोपं, गेलेलं परत आणणं कठीण.

आणि सीएमएलमध्येही ती खाच बदलते. टी-३१५-आय नावाचा बदल झाला की इमॅटिनिब तिथे बसूच शकत नाही, २००१ मध्येच चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने हे दाखवलं. मग डॅसॅटिनिब, निलोटिनिब ही पुढची औषधं आली, पण या एका बदलापुढे तीही चालत नाहीत, त्यासाठी पुढे पोनॅटिनिब यावं लागलं. म्हणून डॉक्टर गोळी चुकवू नका म्हणून एवढं बजावतात, अर्धवट डोसमध्ये पेशी शिल्लक राहतात आणि शिल्लक पेशींतच असे बदल पुढे येतात.

राउलींचं आणखी एक सांगायचं राहिलं. १९७७ मध्ये त्यांनी पंधरा आणि सतरा यांची अदलाबदल दाखवली, एपीएल नावाच्या ल्युकेमियात. तो आजार पूर्वी रक्तस्रावाने काही दिवसांत माणूस न्यायचा, आज अ जीवनसत्त्वाच्या जातीचं एक औषध आणि आर्सेनिक यांनी बहुतेक पेशंट बरे होतात.

---

बाणेरटेकडी

मी स्वतः सीएमएलचा पेशंट आहे, बरीच वर्षं इमॅटिनिब चालू आहे, रोज सकाळी टेकडी चढतो. मुठाकाठ, मामांना हे दाखवा.

गोळी भरल्या पोटी आणि मोठा ग्लासभर पाणी पिऊनच घ्यायची, रिकाम्या पोटी मळमळ होते. सुरुवातीला सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज येते, माझी इतकी यायची की ऑफिसात लोक विचारायचे झोप झाली नाही का. पोटऱ्यांत गोळे येतात, विशेषतः रात्री. पुढे कमी झालं. दुसऱ्या कुठल्याही औषधाच्या किंवा आयुर्वेदिक काढ्याच्या आधी रक्ताच्या डॉक्टरांना विचारायचं, काही गोष्टी या गोळीची रक्तातली पातळी वरखाली करतात.

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून मी बोलतो. इमॅटिनिबच्या मूळ ब्रँडची महिन्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, आपल्याकडच्या जेनेरिकची, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेल्या त्याच औषधाची, आठ-दहा हजार. मूळ कंपनीने गोळीच्या एका स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितलं होतं, चेन्नईच्या पेटंट ऑफिसने २००६ मध्ये नाकारलं, आणि १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने शेवटचा निकाल दिला की जुन्याच रेणूच्या नव्या रूपाने उपचारात खरा फरक पडत असल्याशिवाय पेटंट नाही. त्या कंपनीने अनेक गरजू पेशंटना गोळ्या फुकट दिल्या हेही खरं, ते सांगायलाच हवं. पण मला मेडिकलमधून स्वतःच्या पगारात गोळी घेता आली ती पेटंट कायद्यातल्या या अटीमुळे, आणि आता तर किंमत आणखी खाली आलीये. राउलींनी त्या शोधातून पैसे कमावल्याचं मी कधी वाचलं नाही, त्यांनी पाहिलं आणि छापलं, जगात कुणीही वापरावं म्हणून. मी तो दिवस मानतो, औषधाच्या तारखेपेक्षाही.

एक सावधगिरी. बीसीआर-एबीएलचा आकडा (रक्तात तो जोडजीन किती उरलाय ते) दर तीन महिन्यांनी करावा लागतो आणि तो दरवेळी त्याच लॅबमधून करा, रिपोर्टवर आयएस म्हणजे इंटरनॅशनल स्केल लिहिलंय का ते बघा. मी एकदा सोयीचं पडतं म्हणून दुसरीकडे दिलं, तिथे स्केलच वेगळं होतं, आकडा एकदम वाढलेला दिसला आणि घरात आठवडाभर सुतक. परत नेहमीच्या लॅबला केल्यावर आधीइतकाच.

---

मुठाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं वाचून दाखवलं. मामेबहीण आनुवंशिक नाही हे ऐकून रडलीच. मामा फार बोलत नाही पण त्याने रिपोर्ट परत मागितला आणि नऊ-बावीसच्या जोड्यांच्या फोटोवर बोट ठेवून किती तरी वेळ बघत बसला, मग विचारलं की तीन महिन्यांनी आकडा किती यायला हवा, आणि दरवेळी परत कंबरेतून मॅरो काढणार का, कारण त्याला त्याचीच धास्ती आहे.

---

स्लाइडवाली

नाही नाही, धास्ती घेऊ नका म्हणावं. आकडा काढायच्या टेस्टला (तिला पीसीआर म्हणतात) हातातलं साधं रक्त चालतं, जांभळ्या झाकणाची बाटली. मॅरो परत लागते ती आकडा अपेक्षेप्रमाणे उतरला नाही किंवा रक्ताच्या मोजणीत काही खटकलं तर.

आयएसवर तीन महिन्यांना १० टक्के किंवा खाली, सहा महिन्यांना १ टक्का किंवा खाली, वर्षाला ०.१ किंवा खाली, हा सर्वसाधारण टप्पा. थोडं मागेपुढे झालं तर लगेच घाबरायचं नाही, डॉक्टर आधी गोळ्या नीट घेतल्या का ते विचारतात आणि टेस्ट परत करतात. खूप खाली जाऊन वर्षानुवर्षं तिथेच राहिला तर काही पेशंटची गोळी देखरेखीखाली बंदही करून बघतात, फ्रान्सच्या अभ्यासात अशा साधारण चाळीस टक्के लोकांचा आजार परत आला नाही, पण तो निर्णय फक्त डॉक्टरांचा, आणि मामांसाठी आत्ता त्याचा विचारही नको.

एकच विनंती, त्या टेस्टमध्ये आरएनए म्हणजे जीनची पेशीत बनणारी नक्कल मोजतात आणि तो रक्तात लवकर खराब होतो. म्हणून सोमवार ते गुरुवारमध्ये सकाळी लॅबला जाऊन रक्त द्या. शनिवारी संध्याकाळी दिलेलं सॅम्पल आमच्याकडे सोमवारी उघडतं आणि मग परत बोलवावं लागतं.